पश्चिमेकडे वळवलेले पाणी

कोळसा न जाळता वीज कशी निर्माण करावी, हा प्रश्न आज जगभरच्या अभियंत्यांपुढे आहे. वातावरणात साठत चाललेल्या कर्बवायूमुळे तो तातडीचा झाला असला, तरी आपल्या भागास तो नवा नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर त्याचे एक उत्तर शोधण्यास प्रारंभ झाला त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्या काळी हवामानाची चिंता कोणास नव्हती. चिंता होती ती कोळशाच्या भावाची आणि गिरण्यांच्या धुराची. परंतु त्या निमित्ताने जी धरणे बांधली गेली, जे बोगदे खोदले गेले आणि जे संशोधन झाले, त्यांचा इतिहास आज पुन्हा वाचण्याजोगा आहे. कृष्णेच्या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आम्हां बेळगावकरांना आणि त्याच नदीचे पाणी पिणाऱ्या हैदराबादकडील बांधवांना तर तो परका वाटण्याचे कारणच नाही. कारण जे पाणी वळवले गेले, ते मुळात आपल्या दिशेने वाहत येणारे होते.

सह्याद्रीची रचना मोठी विलक्षण आहे. पश्चिम समुद्र जवळ असूनही घाटमाथ्यावर उगम पावणाऱ्या बहुतेक मोठ्या नद्या त्याकडे पाठ फिरवून पूर्वेकडे निघतात. इंद्रायणी, आंध्रा, मुळा या भीमेला मिळतात, कोयना कराडच्या प्रीतिसंगमात कृष्णेला मिळते, आणि हे सारे पाणी शेकडो कोसांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास जाते. पूर्वेकडचा उतार संथ, तर पश्चिमेकडे कडा असा तुटलेला की काही किलोमीटरांच्या अंतरात पाचशे मीटरची घसरण व्हावी. पूर्ववाहिनी नदीस माथ्यावरच अडवून, डोंगर फोडून तिचे पाणी पश्चिमेस सोडले, तर ती सारी उंची एकदम हाती लागते. एक घनमीटर पाणी पाचशे मीटर खाली आले, तर हिशेबाने त्यातून सुमारे १.३६ युनिट वीज निघावयास हवी. यंत्रांतील घट वजा जाता सुमारे १.२ युनिट हाती येते. तेवढ्याच विजेसाठी आपल्याकडील औष्णिक केंद्रास पाऊण किलोच्या आसपास कोळसा जाळावा लागतो. एका घनमीटरचा हा हिशेब कोट्यवधी घनमीटरांनी गुणला म्हणजे या योजनेचे मोल ध्यानी येते.

मात्र पडत्या पाण्याचे बळ पुरतेपणी पकडण्याची विद्या एका दिवसात सिद्ध झाली नाही. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन याने पाणचक्क्यांच्या लहान प्रतिकृती करून, मोजमापे घेऊन आपले निष्कर्ष १७५९ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. खालून पाण्याचा धक्का घेणाऱ्या चाकापेक्षा वरून पाणी भरणारे चाक दुपटीहून अधिक काम देते, हे त्याने प्रयोगाने दाखवले. कार्यक्षमता ही तर्काने सांगण्याची नसून मोजण्याची वस्तू आहे, हा धडा अभियांत्रिकीला तेथे मिळाला. पुढे १८२७ मध्ये फ्रान्समध्ये फूर्नेरॉन याने जलटर्बाइन घडवले. अमेरिकेतील लॉवेलच्या कापडगिरण्यांत जेम्स फ्रान्सिस याने १८४० च्या दशकाअखेर केलेल्या प्रयोगांतून आजही त्याच्या नावाने चालणारे टर्बाइन सिद्ध झाले. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत वावरलेल्या लेस्टर पेल्टन याने १८८० साली असे चाक पेटंट केले की ज्याच्या परिघावर जोडवाट्या बसवलेल्या होत्या. पाण्याचा झोत दोन वाट्यांमधल्या धारेवर आदळून दोहीकडे दुभंगतो, उलट वळतो आणि आपले जवळजवळ सारे बळ चाकास देऊन मंद होऊन खाली पडतो. मोठ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्यास हे चाक अगदी योग्य. आणि सह्याद्रीपाशी उंचीच तेवढी होती.

पाण्याच्या बळावर यंत्रे चालवण्याचा प्रयोग आमच्या जिल्ह्यासही अपरिचित नव्हता. घटप्रभेवर गोकाकचा धबधबा पाहण्यास गेलेल्या प्रत्येकाने कडेची जुनी सूतगिरणी पाहिली असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धबधब्याच्या पाण्याचे बळ वापरून ती चालू झाली. परंतु तेथे गिरणी पाण्यापाशी गेली होती. मुंबईच्या गिरण्या जागच्या हलणाऱ्या नव्हत्या. तेथे बळच गिरणीपाशी आणावयाचे होते.

मुंबईच्या गिरण्यांना लागणारा कोळसा बंगालच्या खाणींतून हजार मैलांहून अधिक अंतर तुडवून येई किंवा परदेशातून आगबोटींनी येई. भाव चढे, पुरवठा बेभरवशाचा, आणि शहरावर धुराचे छत असे की १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबईत स्वतंत्र कायदा करावा लागला. लोणावळा-खंडाळ्याच्या पावसातून वीज करण्याची कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईतील तंत्रज्ञाने मांडली आणि जमशेटजी टाटा यांनी ती उचलून धरली. १९०४ मध्ये जमशेटजी निवर्तले. पुत्र दोराबजी यांनी १९१० साली कंपनी स्थापन केली. वळवण, लोणावळा व शिरवटा येथे तलाव बांधून पाणी कालव्यांनी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणले गेले, आणि तेथून पोलादी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडले गेले. एवढ्या उंचीवरून आलेले पाणी तोटीतून सुटते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे शंभर मीटर असतो. तो झोत पेल्टनच्या वाट्यांवर घेऊन फेब्रुवारी १९१५ मध्ये वीज सुरू झाली.

खोपोली ते मुंबई हे अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. तारेतून वीज नेताना जी घट होते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब दसपट केला, तर तेवढीच वीज नेण्यास प्रवाह एकदशांश पुरतो आणि तारेतील घट शतांशावर येते. म्हणून एक लाख व्होल्टचा दाब योजण्यात आला. त्या काळी हे मोठेच धाडस होते. पुढे १९२२ साली आंध्रा नदीच्या पाण्यावर भिवपुरीचे आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिरा येथील वीजगृह सुरू झाले. तिन्ही केंद्रांतून वापरून झालेले पाणी पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या कोकणातील नद्यांस मिळाले. तेथील कारखाने व गावे आजही त्यावर अवलंबून आहेत.

मुळशीचे नाव आले की या कथेची दुसरी बाजू समोर येते. भीमेच्या खोऱ्यातील हे मावळ आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेले. धरणाने तेथील सुमारे पन्नास गावांच्या जमिनींवर पाणी येणार होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने कंपनीसाठी त्या मिळवून देण्याचे ठरवले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर बसकण मारून सत्याग्रह आरंभिला. त्याचे नेते पांडुरंग महादेव बापट. याच लढ्याने त्यांस सेनापती ही पदवी दिली. ते एडिंबरो येथे अभियांत्रिकी शिकण्यास गेलेले होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. यंत्रांचा द्वेष करणाऱ्या कोणा अडाण्याचा हा विरोध नव्हता. विजेचे मोल जाणणाराच विचारत होता की, या विजेची किंमत कोणी मोजावयाची आणि ती कोणी ठरवावयाची? लढा १९२४ पर्यंत चालला. दरम्यान अनेक जमिनींचे मालक असलेल्या सावकारांनी वाढीव भरपाईवर तडजोड केली. जमीन कसणाऱ्याचा आधार तेथेच सुटला. बापटांस सात वर्षांचा तुरुंगवास घडला. धरण पुरे झाले.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा अध्याय कोयनेचा. पाटण तालुक्यात १०३ मीटर उंचीचे धरण, मागे शिवसागर जलाशय, आणि डोंगराच्या पोटातून पश्चिमेस नेलेले पाणी चिपळूण तालुक्यात पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली. १९६२ मध्ये पहिले जनित्र फिरू लागले. महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीस या विजेने केवढा हातभार लावला ते सर्वविदित आहे. जलाशयाखाली शंभराच्या आसपास गावे गेली. विस्थापितांस सातारा, सांगली, सोलापूरपासून कोकणापर्यंत अनेक ठिकाणी पांगावे लागले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. देशात तो पहिलाच म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तही होते. परंतु कोयनेची गावे तो होण्याआधीच उठली होती. त्यांच्या नातवंडांची आंदोलने एकविसाव्या शतकातही कोयनानगरला होत राहिली.

आमची नोकरीची वर्षे महसूल खात्यात गेली, त्यांतील काही भूसंपादनाच्या कामात. तेथे गाव कसे नाहीसे होते हे आम्ही कागदावर पाहिले आहे. प्रथम जाहीरनामा निघतो, मग मोजणी, पंचनामा आणि निवाडा. झाडे मोजली जातात, विहिरीचा व्यास घेतला जातो, घराच्या वाशांचीही नोंद होते. या साऱ्यास तक्त्यात रकाना असतो. गाव उठल्यावर ती माणसे कोठे गेली, जमली की उखडली, यास मात्र रकाना नसतो. धरणाची पाणीपातळी सेंटिमीटरपर्यंत रोज लिहिली जाते; पुनर्वसित कुटुंबाची स्थिती दहा वर्षांनी एकदाही लिहिलेली आम्हांस क्वचितच आढळली. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष काढण्याचा हेतू नाही. जे मोजण्याचे ठरते तेच मोजले जाते, एवढेच सांगावयाचे आहे.

न मोजलेल्या गोष्टीची किंमत अभियंत्यांसही एकदा द्यावी लागली. दक्षिणेचे पठार हे भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असा त्या काळचा समज होता. कोयना धरणाचा आराखडा करताना भूकंपाचे बल गुरुत्वाच्या एकविसांश एवढेच धरले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. धरणाच्या आतल्या सज्जात बसवलेल्या त्वरणमापकाने गुरुत्वाच्या निम्म्याहून अधिक धक्का नोंदवला, म्हणजे गृहीत धरलेल्याच्या दहापटीहून अधिक. धरण उभे राहिले, परंतु त्याचा पाठचा उतार जेथे एकाएकी बदलतो त्या पातळीवर आडव्या भेगा पडल्या.

त्या मापकावर उमटलेल्या रेषेने जगातील धरणांचे शास्त्र बदलले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. इतक्या जवळून आणि इतक्या स्पष्टपणे एखाद्या काँक्रीटच्या धरणाचा भूकंपातील अनुभव त्यापूर्वी क्वचितच नोंदला गेला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठात अनिल चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी कोयनेच्या नोंदीवरून दाखवले की, भेगा जेथे पडल्या तेथेच सर्वाधिक ताण येणे अपरिहार्य होते आणि जुनी आकडेमोडीची पद्धत तो ताण सांगूच शकत नव्हती. तेव्हापासून धरणाच्या भूकंपरोधाची कोणतीही नवी गणितपद्धती आधी कोयनेवर पारखून पाहण्याची रीत पडली आहे. इकडे धरणास पाठीमागून काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले. देशाच्या भूकंपविषयक मानकांतही १९७० साली सुधारणा झाली. जलाशयाच्या भाराने व खडकात झिरपणाऱ्या पाण्याने भूकंप होतात काय, याचा शोध पुढे चालूच राहिला. त्यासाठी कराड येथे केंद्र सरकारची संशोधनशाळा स्थापन झाली आणि २०१७ मध्ये कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडक तपासण्यात आला. न मोजलेली एक गोष्ट मोजू लागल्यावर विद्या केवढी पुढे जाते, याचे हे आपल्या घराजवळचे उदाहरण.

कोयनेचा दुसरा धडा काटकसरीचा आहे, आणि तो आपल्या वादाशी थेट जोडलेला आहे. वळवलेले पाणी खोऱ्याबाहेर जाते; खालच्या राज्यांस ते कायमचे अंतरते. म्हणून न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७० च्या दशकात कोयनेतून पश्चिमेस नेण्याच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. कोयनेच्या उंचीवर त्यातून तीन कोटींहून अधिक युनिट वीज मिळते. इकडे तेच पाणी कित्येक हजार एकरांचे भरणे करू शकते. कोण बरोबर, या वादात आम्ही येथे पडत नाही. एवढे मात्र खरे की, मर्यादा पडल्यावर अभियंत्यांस अधिक पाणी मागण्याची वाट बंद झाली आणि त्याच पाण्यातून अधिक काम काढण्याची वाट शोधावी लागली.

ती त्यांनी उत्तम शोधली. पोफळीतून निघालेले पाणी थेट वाशिष्ठीत न सोडता कोळकेवाडी येथे पुन्हा अडवले आणि अलोऱ्याच्या वीजगृहात ३२० मेगावॉटसाठी दुसऱ्यांदा वापरले. चौथ्या टप्प्यात १,००० मेगावॉटची जनित्रे बसवली, ती अधिक पाणी वापरण्यासाठी नव्हे. मागणी शिगेला पोहोचते त्या थोड्या तासांत तेच पाणी वेगाने सोडता यावे म्हणून. त्यासाठी भरलेल्या जलाशयाच्या तळाशी बोगदा जोडावयाचा होता. जलाशय रिकामा करणे म्हणजे वीज व सिंचन दोन्ही बंद. तेव्हा नॉर्वेत रूढ असलेली रीत घेतली गेली: बोगदा पाण्याखालच्या खडकापर्यंत आणावयाचा, शेवटचा खडकाचा बूच सुरुंगाने उडवावयाचा आणि पडणारा ढिगारा आधीच खोदलेल्या खड्ड्यात झेलावयाचा. १३ मार्च १९९९ रोजी हे ‘लेक टॅपिंग’ यशस्वी झाले. आशियातील ते पहिले. २५ एप्रिल २०१२ रोजी दुसरे झाले. नव्या गावावर पाणी न आणता मिळालेली ही वीज आहे, आणि आमच्या मते कोयनेच्या अभियंत्यांचा खरा पराक्रम तो हा.

हीच दृष्टी विजेच्या दुसऱ्या टोकास, म्हणजे वापराकडे, वळवणारे शास्त्रज्ञ आमच्या कर्नाटकातच होऊन गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी यांनी १९९० च्या सुमारास राज्याच्या विजेचा पर्यायी आराखडा मांडला. लोकांस वीज नको असते, प्रकाश आणि पाणी हवे असते. चांगले दिवे व चांगले पंप दिले तर तेच काम कितीतरी कमी विजेत होईल, असे त्यांचे प्रतिपादन. त्या काळी अनेकांस ते पुस्तकी वाटले. पुढे २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, उपकरणांवर तारे आले, आणि २०१५ नंतर साठ वॉटच्या दिव्याची जागा नऊ वॉटच्या एलईडीने घरोघर घेतली. वाटेतील गळती ध्यानी घेता घरात वाचलेले एक युनिट वीजगृहापाशी एकाहून अधिक युनिट वाचवते. आणि त्यासाठी कोणाचेही गाव उठवावे लागत नाही.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण समोरच आहे. सूर्याची वीज दुपारी भरपूर आणि दिवेलागणीस शून्य. ती साठवण्याचा जुना व खात्रीचा उपाय म्हणजे उदंचन: दुपारच्या विजेने पाणी वरच्या तलावात चढवावयाचे आणि संध्याकाळी तेच खाली सोडावयाचे. चार युनिट खर्चून सुमारे तीन परत मिळतात. भिरा येथे १९९० च्या दशकात आणि घाटघर येथे २००८ साली हे काम सुरू झाले. घाटघरचे २५० मेगावॉटचे केंद्र तर रोलरने दाबलेल्या काँक्रीटच्या देशातील पहिल्या धरणांवर उभे आहे. आता या कामास भरती आली आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये उदंचनाचे स्वतंत्र धोरण केले. शिरवटा व भिवपुरी येथील जुन्या तलावांच्या आधाराने मिळून २,८०० मेगावॉटचा करार त्याच वर्षी झाला. आमच्या जिल्ह्यातही सौंदत्तीजवळ मलप्रभेच्या जलाशयालगत असा प्रकल्प योजण्यात आला. सह्याद्रीची उंची पुन्हा एकदा मोजली जात आहे.

उदंचनास तेच पाणी फिरून फिरून वापरता येते, म्हणून बुडणारे क्षेत्र तुलनेने थोडे असते, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि घाटमाथ्यावर माळ मोकळा दिसला तरी तो कोणाचा तरी असतो. कोठे धनगरवाडा असतो, कोठे देवराई, कोठे आज वाघांसाठी राखलेले रान. कोळशाने हवेची जी हानी चालवली आहे ती पाहता या प्रकल्पांस विरोधासाठी विरोध करणे शहाणपणाचे नाही, असे आम्हांस वाटते. मागणे आहे ते एवढेच की, कार्यक्षमतेचा हिशेब पुरता मांडावा. प्रकल्पाच्या वार्षिक अहवालात किती पाणी, किती युनिट, किती टक्के कार्यक्षमता हे छापले जातेच. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने वाढवावेत: किती कुटुंबे उठवली, आणि त्यांपैकी किती आज स्वतःच्या जमिनीवर उभी आहेत. शेवटचे कुटुंब उभे राहीपर्यंत, दरवर्षी, पाणीपातळीइतक्याच नेमाने ते भरले जावेत. मुळशीस ते रकाने नव्हते, कोयनेसही नव्हते. पुढच्या धरणाच्या कागदांत ते असावेत, एवढे तरी शंभर वर्षांच्या अनुभवाने आपणांस शिकवले असावे.